मशीन काय म्हणते, काय असते

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका गाण्याच्या डबीवरची अक्षरं वाचणं. दुपारचे दोन वाजले असतील. दुकानाच्या मागच्या भागात, पडद्याआड, माझी बायको वत्सला पाटावर बसून तुरीची डाळ निवडत होती. मी डबी तिच्यापुढे धरली. तिने पदराने चष्मा पुसला, डबी खिडकीच्या उजेडात नेली आणि वाचलं, "मेमरी एरर. फॉरमॅट. मंग खाली दोन शब्द हायेत. यस आन नो."

"म्हन्जे काय म्हनते?"

"म्हनते, आतली मेमरी बिघडली. सारं पुसून टाकू का, इचारते."

"आन तुले काय वाटते?"

"यसले बोट लावू नका. पुसलं तं गेलं."

तिने कोनाड्यातली वही काढली. डाव्या बाजूला मशीनचे शब्द जसेच्या तसे उतरवले. उजवी बाजू कोरी ठेवली. "उद्या भरू," म्हणाली. मग छातीवर हात ठेवून म्हणाली, "सकाळपासून जळजळ करून राह्यलं. ॲसिडिटी असन. रातची भाजी खाल्ली न."

मी म्हटलं, "ओवा खा आन पड थोडी."

तिने ओवा खाल्ला. पडली नाही, चहा ठेवला. दोघांनी घेतला. साडेपाच वाजता ती नव्हती.

एवढं सांगितलं, आता धंद्याचं सांगतो. कारण या दिवाळी अंकवाल्यांनी मला धंद्याबद्दल लिहा म्हटलं आहे, आणि तिच्याबद्दल लिहायचं तर धंद्याबद्दलच लिहावं लागते. दुसरं आमच्याजवळ काही नव्हतं.

सेलूच्या बसस्टँडजवळ माझं दुरुस्तीचं दुकान आहे. रेडिओपासून सुरुवात केली, मग टेप आले, मग या खिशात मावणाऱ्या गाण्याच्या डब्या आल्या. माझी शाळा चौथीपर्यंत. मराठी वाचतो, सावकाश लिहितो. इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. रेडिओ आणि टेपच्या काळात त्याचं काही अडलं नाही, कारण तेव्हा मशीन मुक्या होत्या. टेप बिघडला तर गप बसायचा, नाही तर घरघर करायचा. आपण उघडायचं, नाक लावून जळका वास घ्यायचा, बोटाने हलवून पाहायचं. रोग हाताला लागायचा.

या नव्या डब्यांना बोलता येते. छोटा पडदा आहे, त्यावर इंग्रजीत उमटते. आणि इथेच सारा घोळ आहे. लोकांना वाटते, मशीन स्वतःच सांगते आहे ना काय झालं, मग मिस्त्री कशाला पाहिजे? अरे बाबा, मशीनला सांगता येतात मोजून सात-आठ वाक्यं. कारखान्यात जेवढी भरली तेवढीच. रोग मात्र शंभर. मग काहीही दुखलं तरी ती त्या सात-आठातलंच एक वाक्य बोलते. तान्ह्या पोराला भूक लागली तरी रडते, मुंगी चावली तरी रडते, तसं. रडणं खरं असते. कशासाठी, ते आईने शोधायचं.

पण शोधायचं कसं, मला वाचताच येईना तर? मी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. लाज वाटायची. वत्सला दहावी पास होती. तिने तिच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा पडदा दुकानाच्या मध्ये लावला आणि आमची एक पद्धत ठरली. गिऱ्हाईक आलं की मी डबी हातात घ्यायची, कानाजवळ नेऊन हलवायची, कपाळाला आठ्या घालायच्या आणि म्हणायचं, "आत टेस्टिंगले नेऊन पाह्यतो." मग पडद्याआड जायचं. ती वाचून मराठीत सांगायची. बाहेर येऊन मी गंभीर चेहऱ्याने तेच सांगायचं. पंधरा वर्षं सेलूत लोक समजत राहिले की माझ्याजवळ आत टेस्टिंगची मोठी मशीन आहे. एकाने तर विचारलं, "काका, मशीन जपानची हाय का?" आतून बांगड्यांचा आवाज आला. ती तोंडावर पदर घेऊन हसत होती.

वही तिचीच कल्पना. प्रत्येक पानावर मधोमध रेघ. डावीकडे वर लिहिलेलं 'म्हणते', उजवीकडे 'असते'. इंग्रजी शब्द तिने मराठी अक्षरांत लिहिले आणि शेजारी त्या इंग्रजी अक्षरांचं चित्रही काढलं, म्हणजे मला मिळवून पाहता यावं. म्हणायची, "मी माहेरी गेली तं तुमचं अडाले नको." माहेरी ती चार दिवसांसाठी म्हणून गेली तरी दुसऱ्या दिवशी परत यायची. वहीचा तसा उपयोग कधी झालाच नाही.

वहीतलं पहिलं पान आहे 'नो कार्ड'चं. जामच्या चौकात थांबणारा एक ट्रकड्रायव्हर होता, पंजाबकडचा, लांबच्या रस्त्यावर गाण्याशिवाय त्याला स्टेअरिंग धरवत नसे. तो आला तो तापलेलाच. "मिस्त्री, बोलता है कार्ड नहीं है. कार्ड मैंने खुद डाला. ये मेरे को झूठा बोल रहा है?" नवीन कार्ड टाकून पाहिलं होतं, दोन वेळा. तरी मशीनचं एकच, कार्ड नाही.

वत्सलाने वाचलं आणि डबी नाकाला लावली. "याच्यात कार्ड हाय का नाई ते मले नाई माहीत, पन खर्रा हाय."

आमच्याकडे खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेली पुडी. ड्रायव्हर विदर्भात येऊन तो खायला शिकला होता आणि पुडी आणि डबी एकाच खिशात ठेवत होता. कार्डाच्या खाचेत सुपारीचा भुगा जाऊन बसला होता. कार्ड आत जायचं, पण पत्र्याच्या पट्ट्यांना टेकायचं नाही. मशीनच्या बाजूने पाहिलं तर तिचं खरंच होतं. तिला कार्ड दिसत नव्हतं. आंधळ्याने खोलीत कोणी नाही म्हटलं तर तो खोटारडा होत नाही. दात घासायच्या जुन्या ब्रशाने झाडून दिलं. ड्रायव्हरला म्हटलं, "एक छोड दो. या तो गाना, या तो खर्रा." तो म्हणाला, "पॉकेट बदल देता हूँ." पुढे दरवेळी तो डबी डाव्या खिशातून काढून मला दाखवायचा, पोरगा धुतलेले हात दाखवते तसा.

दुसरं एक सांगतो, ते माझ्या फजितीचं आहे. आमच्याच भागातले एक भजनी बुवा. नाव लिहीत नाही, त्यांच्या सुना अजून नांदत आहेत. त्यांची डबी गाणी वाजवायची आणि आवाज भरूनही घ्यायची. बुवा नवीन भजन भरायला गेले की ती म्हणायची 'मेमरी फुल', जागा नाही. बुवा म्हणाले, "अरे, मोजून अकरा भजनं हायेत. अकरा भजनानं पोट भरते काय?"

मी विचार केला, आता मला या डब्यांची खोड माहीत झाली. या म्हणतात ते कधी नसतेच. मी उघडली, सोल्डरिंगचे सारे टाके तपासले, बटणांचे रबर बदलले, दोन दिवस घालवले. वत्सला दोनदा म्हणाली, "आतमंधी काय भरलं हाय ते तं आयका एकदा." मी म्हटलं, "तू डाळ निवड." तिसऱ्या दिवशी तिने माझ्या हातातून डबी घेतली आणि लावून दिली. भरून घ्यायचं बटण बुवांच्या पिशवीत दबून राहिलं होतं. खुंटीला टांगलेल्या पिशवीत बसून डबीने त्यांचं घर तासन्‌तास भरून घेतलं होतं. कोंबड्या, मिक्सर, आणि मग दोन सुनांचा आवाज. थोरली म्हणत होती, "बुढा भजनात 'सोडा अहंकार' म्हनते आन घरी कढीत मीठ कमी पडलं तं ताट लोटते." धाकटी म्हणाली, "म्हनून मी आता मीठ टाकतच नाई. घ्या म्हनते वरून."

आम्ही पडद्याआड पोट धरून हसलो. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मग ती एकदम थांबली आणि म्हणाली, "पुसून टाका. सांगू नका त्यायले." मी पुसलं. बुवांना म्हटलं, मशीन थकली होती. आणि वत्सलाने त्या पानावर 'म्हणते'खाली लिहिलं 'मेमरी फुल', आणि 'असते'खाली लिहिलं 'मेमरी फुल'. मला वाचून दाखवलं. "चौथीवाले, कधी कधी खरं बी बोलते बरं का."

हे वाक्य मला नंतर फार लागलं, कारण एका दुपारी मी ऐकलं तेच खरं धरून बसलो.

तेराव्यापर्यंत माणसं येत-जात होती. चौदाव्या दिवशी घर रिकामं झालं. मुलगी सासरी गेली, जाताना म्हणाली, "बाबा, आता दुकान कशाले पाह्यजे, चला माह्यासंगं." मी तिला बसमध्ये बसवून दिलं. दुकानात जाऊन बसलो, आणि एकच गोष्ट डोक्यात फिरत राहिली. जिंदगीभर मी मशीन जे म्हणते त्याच्यामागे खरं काय आहे ते शोधत आलो. सुपारीच्या भुग्यापर्यंत शोधलं. आणि माझ्या बायकोने छातीवर हात ठेवून ॲसिडिटी म्हटलं, तर मी म्हटलं ओवा खा. तिच्याजवळही तेवढंच वाक्य होतं. बायांना हृदयाचं दुखणं सांगायला कोणी शिकवलं आहे? गॅस, ॲसिडिटी, उन्हाचं लागलं, एवढंच भरलेलं असते. डॉक्टर म्हणाला की हार्ट अटॅक होता, वेळेवर आणलं असतं तर काही सांगता आलं असतं. 'सांगता आलं असतं' एवढंच म्हणाला, वाचली असती म्हणाला नाही. मी त्याचा उपकार मानतो, त्याने खोटं सांगितलं नाही. वाचणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, घरच्या बाईने जळजळ म्हटलं तर ओवा देऊ नका, गाडी काढा. ॲसिडिटी निघाली तर हसत परत या.

मी बसलो होतो तेवढ्यात धुर्वेदादा आला. ज्या डबीवर आमचं काम अर्धं राहिलं होतं, ती याची. बोर धरणाच्या बाजूच्या एका गावातला गोंड माणूस, माझ्याच वयाचा, वांगी-टमाटे लावून सेलूच्या बाजारात विकतो. त्याची थोरली बहीण त्यांच्या लग्नातली गाणी म्हणायची, गोंडी भाषेतली. पाटा म्हणतात ते त्यांना. हळदीपासून पाठवणीपर्यंत कोणत्या वेळी कोणतं, ते तिलाच पुरं माहीत होतं. ती मरायच्या आधी, तिच्या जावयाने आणलेल्या डबीत धुर्वेदादाने तिच्याकडून सारी भरून घेतली. बाहेरचं कार्ड नव्हतंच या डबीला, गाणी तिच्या पोटातल्या मेमरीतच. आता तिच्या नातीचं लग्न ठरलं होतं, घरातल्या पोरी ऐकून ऐकून शिकणार होत्या, आणि डबी म्हणू लागली, पुसून टाकू का. वर्ध्याला एकाने कॉम्प्युटरला जोडून पाहिली. कॉम्प्युटरही तेच म्हणाला. तो दुकानदार यस दाबणारच होता, धुर्वेदादाने हातातून हिसकून घेतली आणि माझ्याकडे आणली होती.

त्याने मशीनचं नाव काढलं नाही. वांग्यांची थैली टेबलावर ठेवली आणि बसला. मग म्हणाला, "वहिनीच्या हातचा चहा लय गोड राहे."

"साखर जास्त टाके ते," मी म्हटलं.

"तसं नाई म्हनत मी."

"मले समजलं तू काय म्हनतं ते."

मग उठला. मी विचारलं, "लगन कधी हाय?"

"अठरा दिवस हायेत. पन तुमी घाई नका करू, मिस्त्री. नाई झालं तं नाई झालं."

नाही झालं तर नाही झालं म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, थैलीकडे पाहिलं.

तो गेल्यावर मी डबी घेतली, सवयीने कानाजवळ हलवली आणि पडद्याआड गेलो. तिथे डाळ निवडायचं सूप तसंच होतं. निवडलेली एका बाजूला, न निवडलेली एका बाजूला. मी खाली पाटावर बसलो, तिच्या जागेवर. तिथून खिडकीचा उजेड नेमका हातावर पडतो, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

डबी सुरू केली. अक्षरं उमटली. वही उघडून मिळवली, तीच होती. खाली दोन शब्द. त्यातला एक काळ्या पट्टीत, म्हणजे बटण दाबलं की तोच लागणार. तिने सांगून ठेवलं होतं, यस तीन अक्षरांचं, नो दोन अक्षरांचं, लांब शब्दाला हात लावू नका. काळ्या पट्टीत तीन अक्षरांचाच होता. माझं बोट बटणावर होतं. मी डबी तशीच खाली ठेवली आणि हात पुसले. घाम आला होता.

मग स्वतःला म्हटलं, वाचता येत नाही तर वाचू नको. रेडिओ वाचत होतास का? हाताने पाहा.

मागचं झाकण उघडलं. बॅटरी जराशी फुगली होती, फुलक्यासारखी. पडद्यावर मात्र बॅटरीचं चित्र पूर्ण भरलेलं. काट्याचा जुना मीटर लावला. काट्याला इंग्रजी लागत नाही. नुसती ठेवली तर काटा जागेवर. सुरू केली की मेमरी वाचायला घेते त्या क्षणी काटा धाडकन खाली. समजलं. ही बॅटरी बसलेली असताना पैलवान, ओझं उचलायला सांगितलं की आडवी. करंट पुरत नव्हता म्हणून मशीनला स्वतःचीच मेमरी वाचता येत नव्हती, आणि तिच्याजवळ 'बॅटरी मेली' म्हणायची सोय नव्हती, कारण तिच्या चित्रात बॅटरी भरलेली. मग ती बोलली मेमरी बिघडली. वर्ध्याच्या कॉम्प्युटरलाही तेच दिसलं, वायरीतून येणारा करंट ही मेलेली बॅटरीच गिळत होती. मशीन निदान दुखते आहे एवढं तरी म्हणत होती. जागा तेवढी चुकीची सांगितली. 

फुगलेली काढून टाकली. एका जुन्या मोबाइलची चांगली बॅटरी दोन वायरींनी जोडली. बटण दाबलं.

पडदा पांढरा झाला, मग त्यावर कसली तरी यादी आली, आणि एका म्हाताऱ्या बाईचा आवाज निघाला. आधी खाकरली. मग कोणाला तरी रागावली, बहुतेक पोरांना, गप बसा म्हणून. मग गाऊ लागली. मला गोंडी समजत नाही. पण एक ओळ ती परत परत म्हणत होती आणि मागे दोन-तीन बाया तीच ओळ उचलत होत्या. मी पुरं ऐकलं. सूप ओढून घेतलं आणि ऐकता ऐकता राहिलेली डाळ निवडून टाकली.

मापाची बॅटरी बसवून सारी गाणी आधी शेजारच्या कॉम्प्युटरवाल्याकडून दोन वेगळ्या कार्डांत उतरवून घेतली. धुर्वेदादाला निरोप पाठवला तर तो दिवस मावळायच्या आत सायकलवर हजर. मी बटण दाबलं. बहिणीने खाकरल्याबरोबर तो उभा राहिला, जशी ती दारातून आतच आली. मग भिंतीकडे तोंड करून ऐकलं. शेवटी म्हणाला, "रागावली ते मलेच रागावली होती. मी बिडी पेटवली होती न तवा."

"मंग बिडी सोडली का?"

"नाई सोडली," म्हणाला, आणि हसला, आणि रडलाही. पैसे काढू लागला. मी म्हटलं, वांगी खाल्ली मी. लग्नाला या म्हणाला. वहिनीच्या नावाने एक गाणं म्हणायला लावतो म्हणाला. आमच्या जातीत असं नसते. पण मी हो म्हटलं.

लोक म्हणतात देवाने वाईट केलं. मी तसं म्हणत नाही. चौथी शिकलेल्या माणसाला पंधरा वर्षं कोणी शेजारी बसून वाचून दाखवते, आणि गावाला कळू देत नाही, त्याने देवावर कसला राग धरायचा? तिच्या जिवावर मी मोठा मिस्त्री झालो. एका दुपारी मात्र उलटून मी तिचं वाचायचं होतं, ते मला आलं नाही. दोन्ही खरं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर दुकान उघडलं. वही काढली. तिच्या अक्षरातल्या शेवटच्या ओळीसमोर, उजव्या बाजूला, माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलं: 'बॅटरी मेली होती. आतलं सारं शाबूत.' मग स्टुलावर चढून हिरव्या लुगड्याचा पडदा काढला, झटकला, घडी करून कोनाड्यात ठेवला. पाट आणि वही पुढे आणली.

पहिलं गिऱ्हाईक आलं, भाजी विकणारी एक बाई, पदरात गाण्याची डबी गुंडाळलेली. "काका, कालपासून गानंच नाई वाजून राह्यलं. काय तरी लिहून येते. आत टेस्टिंगले नेऊन पाहा न."

"आत मशीन नाई वो. कधीच नव्हती. माही बायको वाचे," मी म्हटलं. "मले इंग्रजी येत नाई. तुमाले येते?"

तिने पदर सोडवला. मग डबी उजेडात धरून अक्षर अक्षर जुळवत म्हणाली, "नो... फा... फाइल."

मी वही उघडली आणि चौथं पान काढलं. डबीत गाणी ठेवायचे वेगवेगळे कप्पे असतात, फोल्डर, त्यांना वत्सला खोल्या म्हणायची. बोट ठेवून मी मोठ्याने वाचलं.

म्हणते: एकही गाणं नाही.

असते: गाणी आहेत. दुसऱ्या खोलीत आहेत.